सपाट खोक्यातून येणाऱ्या कपाटांचा दर्जा: सारख्या दिसणाऱ्या दोन कपाटांतला फरक कसा ओळखावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सुट्या भागांत खोक्यातून येणारी, घरी जोडायची आणि पुढे शेजारी किंवा वर आणखी भाग लावून वाढवता येणारी दोन कपाटे आपण पाहिली. दोन्ही पांढरी, दोन्ही ८० सें.मी. रुंद, २०० सें.मी. उंच आणि २८ सें.मी. खोल, दोन्हींत मधल्या पाच फळ्या, दोन्हींच्या वर्णनात साहित्य म्हणून ‘इंजिनियर्ड वुड’ एवढाच उल्लेख. एकाच्या खोक्याचे वजन ३७ किलो, दुसऱ्याचे २४ किलो, आणि जड कपाटाची किंमत हलक्याच्या जवळजवळ दुप्पट. हा फरक खरोखर दर्जाचा आहे की केवळ नावाचा, आणि पुस्तके ठेवायची असल्यास यांपैकी कोणते घ्यावे, असे आपण विचारले आहे.

असे फर्निचर बनवण्याच्या आणि नंतर ते दुरुस्त करण्याच्या कामात राहिल्यामुळे कपाट कसे दिसते यापेक्षा ते कुठे निकामी होते याकडे माझे लक्ष आधी जाते. फळीच्या गुळगुळीत पृष्ठभागावर ते क्वचितच बिघडते. जिथे बोर्ड कापला आहे, जिथे त्याला भोक पाडले आहे, जिथे दोन भाग एकमेकांना धरून आहेत आणि जिथे आधाराविना अंतर लांबले आहे, तिथे बिघाड सुरू होतो. दर्जातील फरकही याच जागी दडलेला असतो, आणि दुकानातील मांडणीत किंवा छायाचित्रात नेमक्या याच जागा सर्वांत कमी दिसतात.

‘इंजिनियर्ड वुड’ हे नाव इतके सैल आहे की त्यावरून काहीही ठरवता येत नाही. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा रेझिनमध्ये, म्हणजे कृत्रिम चिकट द्रव्यात, मिसळून दाबलेला तक्ता. फर्निचरसाठीच्या बोर्डाची घनता साधारणपणे घनमीटरला ६०० ते ७०० किलो असते. एमडीएफ लाकडाच्या बारीक तंतूंपासून बनतो आणि त्याची घनता ७०० ते ८०० किलोच्या आसपास असते. त्याहून दाट असलेला एचडीएफ बहुधा मागच्या पातळ शीटसाठी वापरतात. प्लायवुडमध्ये लाकडाचे पातळ थर एकाआड एक आडवे-उभे चिकटवलेले असतात. याशिवाय एक पाचवा प्रकार असतो, ज्याचा उल्लेख वर्णनात क्वचितच ठळकपणे केला जातो: कडेला पार्टिकल बोर्डाची किंवा लाकडाची चौकट, वर-खाली पातळ फायबर बोर्ड आणि आत कागदाची षट्कोनी जाळी. बाहेरून पाहता हा पोकळ तक्ता भरीव तक्त्याइतकाच, किंबहुना त्याहून जाड आणि भारदस्त दिसू शकतो.

इथे आपण दिलेली वजने फार उपयोगी पडतात, कारण वर्णन सैल असले तरी वाहतुकीसाठी खोक्यावर वजन सहसा नेमके लिहावे लागते. आपल्या मापांचा हिशेब करून पाहू. दोन बाजू मिळून सुमारे १.१ चौरस मीटर. पाच फळ्या, माथा आणि तळ मिळून सुमारे १.५ चौरस मीटर. म्हणजे एकूण २.६ चौरस मीटर. १८ मि.मी. जाडीच्या आणि ६५० किलो घनतेच्या पार्टिकल बोर्डाचा एक चौरस मीटर पावणेबारा किलोच्या आसपास भरतो, म्हणजे एवढ्या बोर्डाचे वजन साडेतीस किलो झाले. मागची ३ मि.मी. एचडीएफ शीट आणखी चार किलो, आणि स्क्रू, पुठ्ठा वगैरे धरून दोन किलो. बेरीज ३७ किलोच्या जवळ येते. म्हणजेच जड कपाट १८ मि.मी. भरीव बोर्डाचे असावे, असे मानायला चांगला आधार आहे. हाच हिशेब १५ मि.मी. बोर्डाने केला तर बेरीज ३१ किलोंवर जाते, त्यामुळे २४ किलोच्या खोक्यात १५ मि.मी. भरीव बोर्डसुद्धा बसत नाही. मग दोनच शक्यता उरतात. कडेला दिसणारी जाडी १२ मि.मी.च्या आसपास असेल तर तो पातळ भरीव बोर्ड आहे. कडेला १८ मि.मी. किंवा अधिक जाडी दिसत असेल तर निदान काही भाग पोकळ आहेत. कोणतेही कपाट न उघडता एवढा निष्कर्ष घरबसल्या काढता येतो, आणि माझ्या मते खरेदीपूर्वीची ही सर्वांत स्वस्त परीक्षा आहे.

पोकळ तक्ता म्हणजे निकृष्ट तक्ता, असा समज मात्र करून घेऊ नये. वाकण्याला होणारा विरोध बहुतांशी वरच्या आणि खालच्या थरांवर आणि त्यांच्यामधील अंतरावर अवलंबून असतो. मधला भाग मुख्यतः ते अंतर टिकवून ठेवतो. म्हणून ४० किंवा ५० मि.मी. जाडीचा पोकळ तक्ता हलका असूनही पुरेसा ताठ असू शकतो. त्याची अडचण वेगळी आहे. स्क्रू, कॅम (फिरवून सांधा आवळणारी गोल चकती) किंवा बिजागरी यांना पकड मिळते ती फक्त जिथे कारखान्यात आत भरीव ठोकळा ठेवलेला आहे तिथेच. मधल्या भागात स्क्रू मारला तर तो कागदात जातो. त्यामुळे अशा कपाटात पुढे कधी आपल्या सोयीने हूक, दार किंवा जादा फळी लावण्याचा विचार असेल तर तो सोडून द्यावा. शिवाय वरचा थर पातळ असल्याने टोकदार वस्तूचा मार बसला की खळगा पडतो, आणि तो भरून काढणे जवळजवळ अशक्य असते. जसे आहे तसेच वापरायचे असेल तर पोकळ तक्त्यांचे कपाट वर्षानुवर्षे चांगले टिकते.

आता फळीकडे येऊ, कारण पुस्तकांच्या बाबतीत खरा निकाल तिथेच लागतो. पुस्तकांचे वजन लोकांच्या अंदाजापेक्षा बरेच अधिक असते. एक मीटर लांबीच्या रांगेचे वजन सहज २५ ते ४० किलो भरते, आणि मोठ्या आकाराची चकचकीत कागदाची पुस्तके असली तर त्याहूनही अधिक. फळी किती वाकेल हे दोन गोष्टी ठरवतात, आणि दोन्हींचा परिणाम सरळ प्रमाणात नसतो. जाडीचा परिणाम घनाच्या प्रमाणात होतो: १२ मि.मी.ऐवजी १८ मि.मी. घेतली तर जाडी दीडपट होते, पण ताठपणा जवळजवळ ३.४ पट होतो. दोन आधारांमधील अंतराचा परिणाम त्याहून तीव्र असतो. दर सेंटिमीटरवरील भार तोच राहिला तर झोळ अंतराच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे ६० सें.मी.ऐवजी ९० सें.मी. फळी घेतली की झोळ पाचपट होतो. म्हणून रुंद कपाट घेऊन जागा वाचवल्याचे समाधान पुस्तकांच्या बाबतीत महागात पडते.

आपल्या कपाटात फळीची आतील लांबी सुमारे ७६ सें.मी. आहे. मीटरला ३० किलो भार आणि चांगल्या पार्टिकल बोर्डाचा लवचिकता गुणांक, म्हणजे साहित्याच्या ताठपणाचे माप, २,५०० न्यूटन प्रति चौरस मि.मी. धरला, तर १८ मि.मी. फळी मध्यभागी ४ मि.मी. वाकते, १५ मि.मी. फळी ७ मि.मी.च्या जवळ, आणि १२ मि.मी. फळी तब्बल १३ मि.मी. वाकते. हे झाले पहिल्या दिवसाचे. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ सततच्या भाराखाली हळूहळू आणखी वाकत जातात, आणि काही महिन्यांत किंवा वर्षांत हा झोळ मूळच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक होऊ शकतो. भार काढला तरी तो पूर्ण सरळ होत नाही. डोळ्याला झोळ जाणवू लागतो तो साधारणपणे लांबीच्या दोनशेव्या भागापासून, म्हणजे इथे ४ मि.मी.च्या आसपास. याचा अर्थ असा की आपले जड कपाटसुद्धा पुस्तकांनी गच्च भरले तर काही काळाने थोडा झोळ दाखवणारच. हलक्यात १२ मि.मी. भरीव फळी असेल तर तो झोळ कुरूप दिसेल आणि फळीची टोके आधाराच्या खुंट्यांवरून सरकण्याचीही भीती राहील. (सुटी फळी अधूनमधून उलटी करून ठेवण्याची जुनी युक्ती उपयोगी आहे, पण तिने झोळ पुढे ढकलला जातो एवढेच.)

उत्पादक ‘प्रत्येक फळीची क्षमता ३० किलो’ असे लिहितात, तेव्हा तो आकडा समान पसरलेल्या भाराचा असतो आणि त्या विशिष्ट रुंदीच्या फळीचा असतो. दोन उत्पादनांची तुलना करताना तो आकडा लांबीने भागून मीटरमागे किती किलो हे काढावे. अन्यथा ४० सें.मी. फळीचे ३० किलो आणि ८० सें.मी. फळीचे ३० किलो एकसारखेच वाटतात, प्रत्यक्षात पहिली फळी मीटरमागे दुप्पट भार पेलत असते. मधली एक फळी पक्की जोडलेली आहे की सगळ्याच सुट्या आहेत, हेही पाहावे. २०० सें.मी. उंचीच्या कपाटाच्या बाजू मध्यभागी बाहेर फाकू नयेत म्हणून एक फळी कॅमने आवळलेली असणे आवश्यक असते, आणि खर्च वाचवताना सर्वांत आधी हीच काढून टाकली जाते, असा माझा अनुभव आहे.

सांध्यांबद्दल थोडे विस्ताराने लिहितो. पार्टिकल बोर्ड तीन थरांचा असतो: दोन्ही पृष्ठभागांकडे बारीक आणि दाट चुरा, मध्ये भरड आणि विरळ. त्यामुळे सपाट बाजूने मारलेला स्क्रू चांगली पकड घेतो, पण कडेतून मारलेला स्क्रू त्या विरळ मधल्या थरात जातो आणि लवकर सैल पडतो. आपल्याकडे सुतार ज्याला मिनीफिक्स म्हणतात तो कॅमचा सांधा या अडचणीवर काढलेला उत्तम तोडगा आहे. त्यात खिळ्यासारखा बोल्ट एका तक्त्याच्या सपाट बाजूत बसतो, दुसऱ्या तक्त्याच्या कडेतील भोकातून नुसता आत जातो, आणि तिथे सपाट बाजूने बसवलेली गोल चकती फिरवली की बोल्टचे डोके ओढून धरते. विरळ थरात कुठेही आटे येत नाहीत. पण कॅम फक्त ओढतो. भाग सरकू न देण्याचे काम लाकडी डॉवेलचे, म्हणजे छोट्या गोल खुंट्यांचे असते, आणि त्या बहुधा ८ मि.मी. जाड असतात. एका सांध्यावर दोन कॅम आणि किमान दोन डॉवेल असतील तर सांधा नीट विचार करून केलेला आहे, २८ सें.मी. खोल तक्त्यावर एकच कॅम आणि एक डॉवेल असेल तर तो सांधा फिरण्याची शक्यता राहते.

कॅमच्या साहित्यातही फरक असतो. जस्ताच्या मिश्रधातूची, सुमारे १५ मि.मी. व्यासाची चकती सामान्य वापरात अनेकदा उघडली-आवळली तरी टिकते. प्लास्टिकची चकती पहिल्या जोडणीत ठीक वाटते आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तिची खाच झिजते किंवा ती तडकते. बोल्ट थेट बोर्डात आटे पाडून बसतो की भोकात आधी प्लास्टिकची किंवा धातूची बाही बसवून त्यात जातो, हे तर त्याहून महत्त्वाचे आहे, कारण घर बदलताना कपाट सोडवावे लागले की बोर्डातले आटे कुरतडले जातात, बाहीतले टिकतात. सात मिलिमीटर जाडीचा, मोठ्या आट्यांचा कन्फर्मॅट स्क्रू कडेतून मारला जात असूनही चांगली पकड देतो, कारण तो खास याच बोर्डासाठी बनवलेला आहे. तो सांधा कॅमपेक्षा अनेकदा मजबूत असतो, मात्र बाहेरून डोके दिसते आणि वारंवार उघडणे त्याला मानवत नाही. आपण भाड्याच्या घरात राहत असाल आणि कपाट पुन्हा पुन्हा सोडवावे लागणार असेल, तर धातूचा कॅम आणि बाही या जोडीला मी बोर्डाच्या जाडीइतकेच महत्त्व देईन.

मागच्या शीटकडे खरेदी करणारे लक्षच देत नाहीत, आणि ती तर संपूर्ण कपाटाचा कणा आहे. बाजू, माथा आणि तळ यांची चौकट स्वतःच्या बळावर गुण्यात राहत नाही. जरा ढकलली की तिरपी होते. तिला काटकोनात धरून ठेवते ती ही मागची शीट. दोन तुकड्यांची किंवा मध्ये घडी घालून टेपने जोडलेली शीट, जी केवळ छोट्या चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी, मागून ठोकायची असते, ती हे काम कसेबसे करते. एके दिवशी चुका सैल होतात, शीट बाहेर येते आणि कपाट डोलू लागते. बाजूंमध्ये पाडलेल्या खाचेत सरकवलेली शीट दिसायला नीटनेटकी असते आणि सुटून बाहेर येत नाही, पण खाच फार ढिली असेल तर तिचा ताठपणाला उपयोग कमी होतो. खाच आणि त्याशिवाय मागच्या बाजूने स्क्रू किंवा पाचरी, अशी रचना मला सर्वांत भरवशाची वाटते. ज्या कपाटांना मागची शीटच नसते, म्हणजे दोन्हीकडून उघडी चौकोनी खणांची मांडणी, त्यांत सगळा भार सांध्यांवर येतो, म्हणून तिथे जाड तक्ते आणि अधिक सांधे लागतातच.

कडांवरची पट्टी, जिला एज बँड म्हणतात, ती केवळ शोभेची नसते. बोर्डाचा पृष्ठभाग झाकलेला असतो, पण कापलेली कड उघडी राहिली तर ओल तिथूनच आत शिरते. पार्टिकल बोर्ड एकदा फुगला की वाळल्यावरही मूळ जाडीवर येत नाही. कागदी पट्टी ०.३ ते ०.४ मि.मी.ची असते आणि कोपऱ्यावर पटकन उडते. ०.८ ते २ मि.मी.ची एबीएस किंवा पीव्हीसी प्लास्टिकची पट्टी धक्के सहन करते आणि तिचा कोपरा किंचित गोल करता येतो. स्वस्त मालात फक्त समोरची कड झाकलेली असते. मागची, खालची आणि फळीच्या बाजूंची कड उघडीच सोडतात. फळी काढून चारही कडा पाहाव्यात. पट्टीच्या मागचा गोंदही निर्णायक ठरतो: नेहमीचा ईव्हीए गोंद उष्णतेने मऊ पडतो, तर पीयूआर गोंद ओल आणि उष्णता दोन्हींना चांगले तोंड देतो, म्हणून स्वयंपाकघर किंवा न्हाणीघराजवळच्या कपाटात तो असल्यास थोडे जास्त देणे योग्य ठरते. गोंदाची रेघ डोळ्याला दिसत असेल, बोटाला पट्टीची धार लागत असेल किंवा कोपऱ्यात कापताना चुरा उडालेला दिसत असेल, तर बाकीचे कामही त्याच निष्काळजीपणे झाले असावे असे मी धरून चालतो.

ओलीविषयी आणखी एक सूचना. बोर्ड आतून हिरवा दिसला की तो ओल सहन करणारा आहे असे विक्रेते सांगतात. हिरवा रंग ही उत्पादकांनी ओळखीसाठी पाळलेली पद्धत आहे. रंगामुळे बोर्ड ओल सहन करत नाही, आतल्या रेझिनमुळे करतो, आणि रंग कोणीही घालू शकतो. युरोपीय मानक ईएन ३१२ मध्ये कोरड्या जागेतील फर्निचरच्या बोर्डासाठी पी२ आणि दमट जागेतील, भार न पेलणाऱ्या बोर्डासाठी पी३ असे वर्ग आहेत; असा लेखी उल्लेख असेल तर तो रंगापेक्षा अधिक विश्वासार्ह मानावा. आणि कोणत्याही वर्गाचा बोर्ड असला तरी कपाटाला जमिनीपासून उचलून धरणारे पाय असावेत, कारण फरशी पुसतानाचे पाणी बाजूच्या खालच्या कडेत शिरणे हे फुगण्याचे सर्वांत नेहमीचे कारण आहे.

पृष्ठभागाबाबत फार लिहिण्याची गरज नाही. छापील पातळ कागदी फॉइल सर्वांत नाजूक, मेलामाइनचा थर त्याहून बराच टणक, आणि उच्च दाबाचे लॅमिनेट सर्वांत टिकाऊ. फक्त तक्त्याच्या दोन्ही बाजूंना सारखा थर आहे ना, हे पाहावे. एकाच बाजूला थर दिला तर दोन बाजू हवेतील ओल वेगवेगळ्या वेगाने शोषतात आणि तक्ता पिळतो.

आपल्या कपाटांना दारे आणि ड्रॉवर नाहीत, पण पुढे जोडण्याचा विचार असल्याने थोडक्यात सांगतो. ड्रॉवरचे चॅनल तीन प्रकारचे दिसतात: चाकांवर चालणारे, जे ड्रॉवर पूर्ण बाहेर येऊ देत नाहीत, बाजूला लावलेले बॉल बेअरिंगचे, जे सहसा पूर्ण उघडतात, आणि तळाखाली लपलेले, जे सर्वांत स्थिर आणि महाग असतात. ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढून डावी-उजवीकडे हलवून पाहिल्यास चॅनलचा दर्जा कळतो. मंद बंद होण्याच्या सोयीवर भाळू नये. त्याच चॅनलवर ३ मि.मी. जाडीचा तळ असेल तर कागदपत्रांच्या वजनाने तो आधी वाकून खाचेतून निसटेल. दारांसाठी ३५ मि.मी. वाटीची, तीन दिशांनी जुळवता येणारी धातूची बिजागरी हा आता सर्वमान्य प्रकार आहे. साधारण ९० सें.मी.पर्यंतच्या दाराला दोन, १६० सें.मी.पर्यंत तीन आणि २०० सें.मी.च्या दाराला चार बिजागऱ्या असाव्यात. उंच दाराला दोनच दिसल्या तर ते दार पुढे खाली ओघळणार हे निश्चित समजावे.

वाढवता येणाऱ्या प्रणालीत एक प्रश्न असा असतो जो एकट्या कपाटाला लागू होत नाही: पाच वर्षांनी त्याच मापाचा भाग मिळेल का? कपाटाच्या आतील बाजूस भोकांची उभी रांग असेल तर मोजपट्टी लावून पाहावी. भोके ५ मि.मी. व्यासाची, एकमेकांपासून ३२ मि.मी. अंतरावर आणि पुढची रांग समोरच्या कडेपासून ३७ मि.मी. आत असेल, तर ते कपाट जगभर रूढ असलेल्या ३२ मि.मी. पद्धतीचे आहे, आणि त्याला दुसऱ्या उत्पादकांच्या बिजागऱ्या, चॅनल आणि खुंट्याही बहुधा बसतात. स्वतःचीच वेगळी मापे वापरणारा उत्पादक बंद झाला किंवा त्याने मालिका बदलली, की आपण अडकतो. मालिका किती काळ चालू आहे आणि बदलताना जुन्या ग्राहकांचा विचार होतो का, हेही पाहावे. आयकिया या फर्निचर कंपनीने २०१४ मध्ये एक्स्पेडिट ही चौकोनी खणांची मालिका बंद करून कॅलॅक्स आणली, तेव्हा बाहेरची चौकट बारीक केली पण खणांची आतील मापे तीच ठेवली, म्हणून जुन्या पेट्या आणि ड्रॉवर नव्यातही बसले. त्याच कंपनीचे गिलिस लुंडग्रेन यांनी रचलेले बिली हे पुस्तकांचे कपाट १९७९ पासून विक्रीत आहे. भाग एकावर एक रचायचे असतील तर खालच्या भागाच्या बाजू वरच्या बाजूंच्या नेमक्या खाली येतात का, आणि दोन भाग बोल्टने एकमेकांना जखडता येतात का, हे पाहिल्याशिवाय दुसरा भाग घेऊ नये. पाय खाली-वर जुळवण्याची सोय नसेल तर असमान फरशीवर दोन भागांच्या कडा कधीच एका रेषेत येत नाहीत.

सुरक्षिततेच्या दोन बाबी किमतीच्या तुलनेत आणू नयेत, त्या असल्याच पाहिजेत. पहिली म्हणजे कपाट भिंतीला बांधण्याची पट्टी. २०० सें.मी. उंच आणि केवळ २८ सें.मी. खोल कपाट, ते १८ मि.मी.चे असो वा पोकळ, मुलाने फळीवर चढून ओढले तर पुढे येते. अमेरिकेत कपड्यांच्या खणांसाठी २०२३ पासून सक्तीच्या झालेल्या मानकात ड्रॉवर भरलेले आणि उघडे असताना, गालिच्यावर ठेवलेले असताना आणि मूल ओढत असताना कपाट उभे राहते का, याची परीक्षा घेतात; पुस्तकांच्या कपाटाला ते मानक लागू नाही, पण धोका तोच आहे. पट्टी खोक्यात असावी, आणि ती मागच्या पातळ शीटला नव्हे तर माथ्याच्या किंवा पक्क्या फळीच्या तक्त्याला जोडायची असावी. दुसरी बाब रेझिनमधून हवेत येणाऱ्या फॉर्माल्डिहाइड या अपायकारक वायूची. युरोपातील ई१ वर्गाची मर्यादा चाचणीच्या खोलीतील हवेत घनमीटरला ०.१२४ मिलिग्रॅम आहे, आणि युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमाने लाकडी फर्निचरसाठी ती ६ ऑगस्ट २०२६ पासून ०.०६२ वर आणली आहे. अमेरिकेत पार्टिकल बोर्डासाठी ०.०९ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ०.०९ भाग) ही मर्यादा आहे. यांपैकी एखाद्या नियमाचा स्पष्ट उल्लेख असावा. ‘पर्यावरणस्नेही’ या शब्दाने काही सिद्ध होत नाही. झाकलेल्या कडांमुळे हे उत्सर्जनही कमी होते, तेव्हा एज बँडचा मुद्दा इथेही लागू आहे.

हे सगळे दुकानात उभे राहून तपासणे शक्य नसते, म्हणून मी नेहमी सांगतो की खरेदीपूर्वी जोडणीची पुस्तिका मागून घ्यावी किंवा उतरवून घ्यावी. वर्णनात जे दडवता येते ते पुस्तिकेत दडवता येत नाही, कारण ती पाहून कपाट जोडायचे असते. त्यात प्रत्येक सांध्यावर किती कॅम आणि डॉवेल आहेत हे मोजता येते, मागची शीट खाचेत जाते की ठोकायची आहे हे चित्रात दिसते, कोणती फळी पक्की आहे हे समजते, आणि सुट्या भागांना स्वतंत्र क्रमांक दिले आहेत का हेही कळते. क्रमांक असतील तर एखादा कॅम हरवल्यावर तो पुन्हा मागवता येईल, अशी आशा ठेवायला जागा असते. पुस्तिका मिळतच नसेल तर मी ते कपाट घेणार नाही. दुकानात नमुना उभा असेल तर वरच्या कोपऱ्याला हात लावून बाजूच्या दिशेने हलके ढकलावे, एक फळी काढून तिच्या चारही कडा पाहाव्यात आणि तळाशी वाकून बाजूंची खालची कड झाकलेली आहे का ते पाहावे.

आपल्या दोन कपाटांपुरते बोलायचे तर, पुस्तिकेत मधली फळी पक्की आणि मागची शीट खाचेत दिसत असेल तर जड कपाटाची जादा किंमत मला योग्य वाटते; शीट दोन तुकड्यांत ठोकायची असेल आणि कॅम प्लास्टिकचे असतील तर आपण केवळ बोर्डाच्या जाडीचे पैसे देत आहात आणि ते दुप्पट नसावेत. हलके कपाट कपडे, खेळणी किंवा रिकाम्या पेट्यांसाठी निर्धास्त घ्यावे. ते पुस्तकांसाठीच घ्यायचे झाले तर त्याच मालिकेत ४० सें.मी. रुंदीचा भाग मिळतो का ते विचारावे, आणि एक ८० सें.मी.चे घेण्याऐवजी ४०चे दोन शेजारी जोडावेत. फळीची आतील लांबी ७६ वरून ३६ सें.मी.वर आली की तोच १२ मि.मी. बोर्ड तेवढ्याच दाटीच्या पुस्तकांखाली १३ मि.मी.ऐवजी एक मिलिमीटरही वाकत नाही. मधल्या दोन बाजूंचा खर्च वाढतो, पण बहुधा तो जड कपाटाच्या किमतीपर्यंत पोहोचत नाही.